उन्हाचा कोपरा

१४ एप्रिल २०२४, रविवार
निर्णय पक्का. मागच्या बागेतला उन्हाचा एकमेव कोपरा माझा. तिथे अमेरिकन प्रेअरीची फुलझाडं लावणार. जांभळी एकिनेशिया, पिवळी रुडबेकिया. एकदा लावली की दरवर्षी आपोआप येतात. इथे सगळे त्यांचं कौतुक करतात. मी इनबुर्गरिंगच्या, म्हणजे इथल्या नागरिकत्वाच्या परीक्षेत दोनदा आपटलो, या झाडांना मात्र कोणी डच येतं का विचारत नाही.

नर्सरीवाला म्हणाला, खत नको, पाणी बेताचं, माती जितकी हलकी तितकी बरी. चिकट माणूस. झाडं कशी वाढवायची ते हा मला शिकवणार.

बायकोला, सुचेताला, याच कोपऱ्यात मेथी-कोथिंबीर हवी होती. तिच्या डब्यांच्या व्यवसायासाठी. दुकानातली मेथी वाळकी असते म्हणे, गिऱ्हाइकं कुरकुरतात. सांगितलं, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत फुलं दिसली नाहीत तर कोपरा तुझा. शब्द दिला. माझ्यावर ही वेळ येणार नाही.

२८ एप्रिल
रोपं लावली. गावाबाहेरच्या गोठ्यातून शेणखताची दोन पोती सायकलवर आणली. सगळं फोरबर्ग वळून बघत होतं. बघू दे. लेक ज्ञानदा शाळेच्या मैत्रिणीसमोर डचमध्ये काहीतरी म्हणाली. अर्थ विचारला नाही.

१९ मे, सकाळी ७
रोज दोन झाऱ्या पाणी. आठवड्यातून एकदा मुळाशी ताक. शेजारीण मारायके कुंपणावरून म्हणाली, एवढे लाड नकोत. स्वतःच्या बागेत निम्मी फरशी, आणि सल्ले मला.

२३ जून
संताप. रोपं कंबरेएवढी झाली आणि एका पावसात सगळी आडवी. फूल एकही नाही. मालच कमकुवत दिला. एकच झाड ताठ उभं आहे, गर्द हिरवं. त्याला बांबू बांधला. उद्या नीट आळं करतो.

२४ जून
ते झाड म्हणजे इथली खाजकुयली. दोन्ही हात सुजलेत. मारायके हसली नाही, मलम घेऊन आली. ते जास्त झोंबलं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
घरून काम. बाग काळी पडलीय, नुसत्या काड्या. सुचेता मारायकेचं काहीतरी सांगायला आली होती, मुळं, थंडी, असं काही. मी कॉलवर होतो. हातानेच थांब म्हटलं.

२१ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार
संपलं. काड्यासुद्धा मोडून पडल्या. जमिनीवर काही नाही. पुण्यात आईच्या कुंडीतली तुळस कधी जमिनीत जाऊन बसली नाही. नर्सरीवाल्याला फोन करून झाडलं. म्हणतो, मेपर्यंत थांबा. ही थाप मला कशाला मारतोस? क्लायंटला आम्ही हेच सांगतो.

लंच ब्रेकमध्ये फावडं घेतलं, मुळांचे सगळे गड्डे उपटले आणि हिरव्या कचऱ्याच्या डब्यात फेकले. सुचेता धावत आली, काहीतरी म्हणत होती. तेवढ्यात टीमचा कॉल लागला. इयरफोन कानात घालून आत गेलो.

९ मार्च
कोपरा तिला दिला. मुदत संपायच्या आधीच. मोठं मन लागतं.

बाई भलत्याच उत्साहात आहेत. दारापुढच्या दोन फरश्या उचलून तिथेही काहीतरी खुपसलं. फरशीखाली नुसती वाळू. ना खत, ना पाणी. म्हटलं, वाळूत काय उगवणार? ती हात झटकून आत गेली. पटलं असावं.

८ जून
मेथी जोमात आहे. शेवटी खत कोणी घातलं होतं?

१३ जुलै, रविवार
सकाळी शेजारच्या रायस्वाइकहून सुचेताचं गिऱ्हाईक श्रीनिवास डबा न्यायला आला. दारापुढे थांबून फोटो काढत बसला. बाहेर जाऊन बघितलं. जांभळी, पिवळी फुलं, कंबरेएवढी, एकही आडवं नाही. सायकलवरचे लोक पाय टेकून बघत होते. श्रीनिवासने विचारलं, ही कुठली? मी सांगितलं, प्रेअरी, माझा अभ्यास आहे त्यात. नर्सरीवाल्याने सांगितलेलं सगळं ऐकवलं. खत नको, पाणी बेताचं.

मग मारायके आली आणि सुचेताचा हात हातात घेऊन म्हणाली, त्या दिवशी कचऱ्याच्या डब्यातून काढलीस ते बरं केलंस, ती फक्त झोपली होती.

श्रीनिवास माझ्याकडे बघत राहिला. मी फुलांकडे.

तो गेल्यावर मागे गेलो. सुचेता कोपऱ्यात मेथी खुडत होती. डोकं तापलेलंच होतं. विचारलं, जिवंत आहेत हे माहीत होतं तर मला सांगितलं का नाहीस?

वर न बघता म्हणाली, "दोनदा सांगायला आले. तू कॉलवर होतास."

आज रविवार. फोन खिशातून काढून बघितला. कोणाचाच कॉल नव्हता. तिच्या शेजारी बसून मेथी खुडली. मुळासकट उपटू नकोस, म्हणाली.