हलकं चाक

४ मार्च
बसलं एकदाचं! गाडीचं मूळ फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाला जोडलेलं जड चाक, साडेआठ किलोचं; हे चार किलोचं. ॲल्युमिनियमचं आणखी हलकं मिळत होतं. पण बाबाही हीच गाडी चालवतात — म्हणून स्टीलचं घेतलं. ॲक्सिलरेटरवर नुसता पाय ठेवला की इंजिन सुसाट चढतं. घाटातल्या शर्यतीत दोन सेकंद तरी वाचतील.

बाबांना सांगितलं नाही. "गाडी ने, पण इंजिनाला हात लावायचा नाही" — एवढी एकच अट होती त्यांची.

७ मार्च
चौकात बाबांची गाडी दोनदा बंद पडली. "क्लच सुटला गं पायातून," म्हणाले.

मी जेवत राहिले. हलक्या चाकात जोर साठून राहत नाही. उचलताना रेस जास्त द्यावी लागते, नाहीतर गाडी मान टाकते. हे मला माहीत आहे, त्यांना नाही.

१२ मार्च
तीस वर्षं ॲम्ब्युलन्स चालवलेला माणूस. मागच्या पेशंटला गिअर बदललेला कळता कामा नये, हा त्यांचा तोरा. आणि आज आमच्याच फाटकात तीन हिसके देऊन गाडी बंद! मागून कुणीतरी ओरडलं, "आजोबा, बसने जा की!" आईने हसण्यावारी नेलं. बाबा गुडघा चोळत बसले.

सांगणारच होते. रविवारची शर्यत आठवली. म्हटलं, ती झाली की सांगू.

१६ मार्च
दुसरी आले. बाबांनी चषक स्वतःच्या रुमालाने पुसला. माझी मलाच लाज वाटते.

१८ मार्च
बाबांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "तूच ठेव आता. पाय गेला माझा. उद्या कुणाच्या तरी अंगावर घालीन."

मग मात्र राहवेना. सगळं ओकून टाकलं. वाटलं, आता चार शिव्या हासडतील. ते हसायलाच लागले! "म्हणजे पाय ठणठणीत आहे माझा? अगं, आधी नाही का सांगायचं!" आईला स्वयंपाकघरातून ओढत आणून पुन्हा सगळं वदवून घेतलं माझ्याकडून. रागवायचं विसरूनच गेले. "जुनं चाक घाल, मग बघ माझा हात," म्हणाले.

किती दिवसांनी हलकं वाटतंय.

२२ मार्च
गिअरबॉक्स उतरवला, जुनं चाक घासून साफ केलं, बसवलं. बोल्ट नवे — काढलेले परत वापरायचे नसतात. अख्खा दिवस मोडला. चक्कर मारून आले. लोण्यासारखी उठते गाडी! बाबांना अजून बोलले नाही. उद्या सकाळी थेट किल्लीच देईन.

२३ मार्च
बाबा ऐटीत बसले. पहिल्यालाच बंद. पुन्हा बंद. तिसऱ्यांदा मी खाली पाहिलं. क्लचवरचा डावा पाय थरथरत होता.

"अजून ते तुझं हलकं चाकच आहे ना गं?"

"हो बाबा. वेळच नाही मिळाला."

हलकं चाक माझ्या कपाटात आहे. कपड्यांच्या मागे लपवलंय.