निळ्या शेव्हेलच्या आठ वायरी

सोमवार, २९ जुलै २०१९

पुन्हा बंद पडली माझी निळी शेव्हेल गाडी! इलेव्हन माइल रोडच्या सिग्नलला, मागे सात-आठ गाड्यांचे भोंगे. दहा मिनिटं गुणी मुलीसारखी चालते. मग इंजिन तापतं, ती खोकायला लागते, आणि खेळ खलास.

बॉनेट उघडलं. तिसऱ्या प्लगवरची रबरी टोपी एक्झॉस्टच्या नळ्याला टेकून वितळली होती – चघळून थुंकलेल्या टॉफीसारखी. वायरीवरचं रबरही भाजलेलं. माझा नवरा चेट शेजारच्या सीटवरून उतरलासुद्धा नाही. डोळ्यांमुळे डॉक्टरांनी जूनमध्ये त्याचं गाडी चालवणं बंद केलं, तेव्हापासून हा माझ्या शेजारी बसून तोंडाने गाडी चालवतो. "ब्रेक, लोरी." "हळू, लोरी."

आणि घरी आल्यावर बूट काढता काढता म्हणतो, "व्हर्नला शब्द दिलाय मी. वुडवर्ड रस्त्यावरची जुन्या गाड्यांची मिरवणूक झाली की तो गाडी घेऊन जाईल."

"कुणाची गाडी?"

"अगं, आपली."

आपली! एकोणसत्तर साली लग्नाआधी, माझ्या पगारातून मी घेतलेली! कागदावर आजही माझंच नाव आहे. लेक रेनाटा झाली आणि याने किल्ल्या स्वतःच्या खिशात टाकल्या, त्या पंचेचाळीस वर्षं तिथेच राहिल्या. व्हर्न टली म्हणजे याच्या क्लबचा अध्यक्ष. त्याच्याकडे आधीच सहा गाड्या आहेत, एकही चालवत नाही, नुसता फडक्याने पुसतो.

बुधवार, ३१ जुलै

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी कॉफी ओततानाच सांगितलं – सतरा ऑगस्टला फर्नडेलहून पाँटिअॅकपर्यंत आणि परत, गाडी मी चालवणार. एकदाही बंद पडली नाही तर व्हर्नचं नाव या घरात निघता कामा नये. पडली, तर मीच किल्ली नेऊन देईन.

चेट हसला. "बत्तीस मैल? त्या गर्दीत, रांगत, ऑगस्टच्या उन्हात? तुला झेपायचं नाही, लोरी."

"हात मिळव."

मिळवला. अजून हसतच होता.

शुक्रवार, २ ऑगस्ट

पार्ट्सच्या दुकानात गेले. काउंटरवरचा ड्वेन – पन्नाशीचा, दाढीत डोनटची साखर. वायरी मागितल्या तर म्हणतो, "मॅडम, साहेबांना पाठवा ना. त्यांना काय पाहिजे ते आम्हाला कळेल."

मी म्हटलं, "बाबा रे, एकतीस वर्षं मी वायरींच्या कारखान्यात काढली. तू शाळेत नाक पुसत होतास तेव्हा मी अशा वायरींवर तारखेचे शिक्के मारत होते. सिलिकॉनचं आवरण दाखव, आठ मिलिमीटर. आणि टोप्या चिनी मातीच्या."

"चिनी मातीच्या? तडकतात हो त्या."

"हातातून पाडलं तर तडकतात. वितळत नाहीत."

मागे रांगेतला एक जण फिस्सकन हसला. ड्वेनने यादी काढली.

ही वेळ आली कशाने तेही लिहून ठेवते. कारखान्यातून आलं होतं ते जाड बिडाचं एक्झॉस्ट, अठ्ठ्याऐंशी साली चेटने काढून फेकलं आणि हे पातळ नळे लावले. आवाज मर्दानी येतो म्हणे! नळे लालबुंद होतात आणि प्लगच्या वायरी त्यांच्यापासून बोटभर अंतरावर. शाळेतल्या सिस्टर हिलरिया म्हणायच्या, राग आला की आधी अक्षर सांभाळावं. सांभाळते आहे.

मंगळवार, ६ ऑगस्ट

वायरी बसवल्या. कंबर मोडली. प्रत्येक वायर नळ्यापासून दोन बोटं दूर, पकडीत अडकवून. नळ्याच्या अगदी जवळून जातात त्या दोघींना वरून काचेच्या धाग्याची बाही.

चेट गॅरेजच्या दारात उभा. "हे असलं पांढरं पांढरं काय लावलंस? दातांच्या दवाखान्यासारखं दिसतंय."

"चालेल ना पण?"

"चालणं वेगळं. मिरवणुकीच्या वाटेवर पार्कात क्लबचे परीक्षक बसतात, गाड्यांना गुण देतात. व्हर्न असतो. वायरीवर शिक्का नसला की गुण गेले."

हे यांचं शास्त्र! वायरीवर ती कुठल्या सालातल्या कुठल्या तिमाहीत बनली याचा शिक्का हवा, आणि ती तिमाही गाडीच्या जन्माच्या आधीची हवी. नळे मात्र चालतात – का, तर तेव्हा दुकानात मिळायचे! गाडी रस्त्यात मेली तरी बेहत्तर, मढ्याच्या अंगावर दागिने अस्सल पाहिजेत.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

वायरी टिकल्या. पण पंचवीस मिनिटं तापवून बंद केली, तर परत सुरू होईना. किल्ली फिरवली की नुसतं टक्... टक्.

बॅटरी. वर सहा झाकणं असलेली, जुन्या धाटणीची, परीक्षकांसाठी चेटने आणलेली. झाकणं उघडून पाहिलं – पाणी आटून पट्ट्या उघड्या पडलेल्या. लोकांना वाटतं थंडी बॅटरी मारते. थंडी फक्त मेल्याची बातमी देते. मारतो तो उन्हाळाच.

रविवार, ११ ऑगस्ट

नवी आणली. सीलबंद, आतलं आम्ल काचेच्या कापडात शोषलेलं, पाणी घालायची भानगडच नाही. आणि इंजिनाशेजारी भाजत ठेवायचीच नाही – थेट डिकीत! अंगठ्याएवढी जाड केबल सीटखालून पुढे नेली. बॅटरीपाशीच फ्यूज.

उचलायला शेजारची ओडेसा आली. पोस्टात तीस वर्षं पोती उचललेली बाई. "लोरेटा, मी नवऱ्यालासुद्धा एवढ्या हळुवारपणे कधी खाली ठेवलं नाही गं!" दोघी डिकीत डोकं घालून हसत बसलो. मग ती एकदम म्हणाली, "जिंकलीस तर काय करशील?"

"चालवीन."

"कुठे?"

मी केबल पुन्हा ओढून पाहिली. दिवसभर तेच डोक्यात.

बुधवार, १४ ऑगस्ट

चाळीस मिनिटं! ब्याण्णव डिग्री फॅरनहाइटमध्ये, सिग्नल-सिग्नल करत. बंद केली, पाच मिनिटं थांबले, किल्ली फिरवली – एका झटक्यात!

चेटला सांगितलं. म्हणाला, "बरं." टीव्हीकडे बघत. जेवताना पिएरोगी – बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या – अर्ध्या टाकल्या.

गुरुवार, १५ ऑगस्ट

मारियेच्या स्वर्गारोहणाचा सण. चर्चमध्ये मासला गेले. गुडघ्यावर बसून आठ सिलिंडरांत ठिणगी पडायचा क्रम मोजला. देव माफ करो.

शनिवार, १७ ऑगस्ट, सकाळी साडेसात

हात काळे आहेत, पानाला डाग पडतील. पडू देत.

सहाला गॅरेजमध्ये गेले. सहज बॉनेट उघडलं. माझ्या वायरी नाहीत! त्यांच्या जागी काळ्या, रबरी, नव्याकोऱ्या. जुन्यांची नक्कल. माझ्या आठही पेटीत गुंडाळून फळीवर.

चेट स्वयंपाकघरात अंडी तळत होता. मी त्याला हाक मारून बाहेर आणलं.

"फक्त परीक्षकांपुरत्या गं, लोरी. काल तू ओडेसाकडे होतीस तेव्हा बसवल्या. पार्कातून निघताना परत बदलल्या असत्या."

"कुणी? गर्दीत, तापलेल्या नळ्यांत हात घालून? तुझे डोळे घेऊन?"

त्याने उलथनं दुसऱ्या हातात घेतलं.

"या वायरी दहा मिनिटांत वितळतात. तुला माहीत आहे. तू शेजारी बसला होतास."

"व्हर्न म्हणाला..." एवढंच. माझ्याकडे बघेना. हातातल्या उलथन्यावरून तूप पायावर ठिबकत होतं, तेही त्याला कळेना.

मग मी वायरीवरचा शिक्का वाचला. एकोणसत्तर, तिसरी तिमाही. गाडी एप्रिलमधली! आई एप्रिलची आणि तिच्या पोटातली आतडी जुलैची. व्हर्नसकट सगळ्या विद्वानांना तिमाही मोजता आली नाही. असा शिक्का मी स्वतः हजारो वेळा मारलाय. हसू यायला हवं होतं. नाही आलं.

पन्नास मिनिटांत माझ्या वायरी परत बसवल्या. एकही टोपी तडकली नाही. तो दारातच उभा होता. म्हणाला, "मी पार्कापाशी खुर्ची टाकून बसतो. येताना हात कर."

तेवढं ऐकून मी जरा विरघळले. त्या विरघळण्याचाही राग आला.

निघते.

रविवार, १८ ऑगस्ट. सेंट इग्नास.

पाँटिअॅकला सगळे परतीला वळले. मी वळले नाही. सरळ उत्तरेला तीनशे मैल, मग सामुद्रधुनीवरचा तो लांबलचक पूल. गाडी एकदाही बंद पडली नाही. चेटला फोनवर निरोप ठेवला – मी ठीक आहे, अंडी फ्रीजमध्ये आहेत. मोटेलमध्ये खोली आठवड्यासाठी घेतली. तिथल्या वहीत सही करताना माहेरचं आडनाव लिहिलं गेलं. वाचून पाहिलं. खोडलं नाही.