काशीरामदादांचे अकरा सेकंद

३ ऑगस्ट १९९२

गाडं एकदाचं रुळावर आलं! दिनानाथ सरांना प्रबंधाचं चौथं प्रकरण आवडलं. "नायकाचं मौन हीच त्याची शोकांतिका, हे कुणी असं मोजून दाखवलं नव्हतं," म्हणाले. मी मोजलंय! डिस्कोर्स अ‍ॅनालिसिस म्हणजे शेवटी तेच — कोण किती बोलतं, कोणाला उत्तर मिळतं, कोण गप्प बसतं. उरणकडच्या एका गावातल्या मंडळींनी जत्रेत केलेल्या नाटकाची कॅसेट आणि हातात स्टॉपवॉच. नायक सदोबा बायकोला न विचारता घर विकतो आणि सगळंच घालवून बसतो. तिने काही विचारलं की हा आधी तीन सेकंद गप्प, मग पाच, आणि शेवटच्या प्रवेशात अकरा! छापील नाटकात तिथे वाक्य आहे — "माझं चुकलं, तुला विचारायला हवं होतं." कॅसेटवर मात्र नुसती शांतता, आणि मग एकदम पुढचंच: "पाणी दे." माफी गिळली त्याने.

निनाद म्हणतो, "गप्प नवऱ्याचे सेकंद मोजून एम.फिल. मिळते होय? माझे मोज की!" हसू नाही आलं. ३१ तारखेच्या आत प्रबंध गेला नाही तर कॉलेजातली कायम नोकरी विसरायची. हे त्यालाही माहीत आहे.

९ ऑगस्ट

गावात जाऊन आले. सदोबाचं काम केलेल्या काशीरामदादांना भेटले. विचारलं, ते थांबणं कसं सुचलं तुम्हाला?

"थांबनं कसलं, म्याडम? मला वाचता येत नाय. मागून वाक्य आलं की मी बोलतो. उशिरा आलं तर उशिरा."

मागून म्हणजे प्रॉम्प्टर! नेहमीच्या शिवाला त्या दिवशी कंपनीत ड्यूटी लागली, म्हणून दादांची बायको भामाताई वही घेऊन विंगेत उभी राहिली. सातवी शिकलेली.

पनवेल येईपर्यंत एसटीत सुन्न बसून होते. मी काय मोजलं मग — शोकांतिका, की भामाताईंचा वाचायचा वेग? मूर्ख. मूर्ख!

१० ऑगस्ट

कान लावून पुन्हा ऐकलं. प्रेक्षकांची कुजबुज म्हणून जे सोडून दिलं होतं, तो बाईचा आवाज आहे. ऐकलं त्या प्रत्येक मौनात; शेवटच्या प्रवेशापर्यंत जायचा धीरच झाला नाही. वाट लागली.

११ ऑगस्ट

काही सुचत नाही. हे बोलणं धरायचं तरी कोणाचं? लिहिणाऱ्याचं, सदोबाचं, काशीरामदादांचं, की ताईंचं? सकाळी कागदावर चार रकाने आखले. दुपारी फाडून टाकले. वरणही करपवलं.

१३ ऑगस्ट

अरे, थांबा! शेवटच्या अकरा सेकंदांत कुजबुज नाहीच! चार वेळा ऐकलं; बाईचा आवाज येतो तो थेट "पाणी दे" सांगायला. म्हणजे तिथे कोणी सांगत नव्हतं आणि हा खरोखर गप्प होता. सरांना फोन केला. "मग त्यावरच प्रकरण उभं करा, अठरा दिवस पुष्कळ झाले." जीव भांड्यात पडला.

पण मग ताईंनी माफीचं वाक्य सांगितलं का नाही? पान चुकलं? दिवे गेले? विचारून आल्याशिवाय लिहिता येणार नाही. भीतीही वाटते — हेही गेलं तर?

१६ ऑगस्ट

काशीरामदादा मोरा बंदरावर गेले होते. ओट्यावर भामाताईंना तेवढा तुकडा ऐकवला. त्यांनी पदराला हात पुसले.

"पान नाय चुकलं. बाकीचं डगमगायचं, पन ते वाक्य त्याला पक्कं पाठ व्हतं. आमची शेती इकली तवा यानं मला इचारलं नाय. चुकलं असं कदी म्हनला बी नाय. म्हटलं, आज मी सांगनार नाय. बगू, आपल्या तोंडानं बोलतो काय."

"आणि?"

"माज्याकडंच बगत रायला. समदी लोकं बगत व्हती. मग मलाच नाय बगवलं. पुढलं सांगितलं — पानी दे."