फोटोतली धूळ

कॅम्प-१, भिलाई
दसरा, १९६६

शालिकभाऊले भागीचा नमस्कार,

शर्यतीचा पेपरातला फोटो राउरकेल्याले धाड म्हणून तू लिहिलं. तो पेटीतून काढून समोर ठेवला आहे.

उतईच्या कच्च्या रस्त्यावर तू मले फटफटी शिकवली, तेच आठवून राहिलं. तू मागं बसून ओरडायचा, "भागी, घाबरू नको, गियर बदल." मी सरळ धानाच्या बांधीत जायची, न आपण दोघंबी चिखलात बसून हासायचो.

त्या दसऱ्याले नंदिनीच्या रस्त्यावरच्या शर्यतीत तुझा गॉगल लावून मी सगळ्या माणसायच्या पुढं आली. दसऱ्याची गाडी पूजल्याशिवाय घरी न्यायची नाही म्हणून आईनं तिथंच माझ्या हाती ताट देलं. तू हँडल धरून उभा राहिला, मी गाडीले कुंकू लावलं, न पेपरवाल्यानं तेवढाच फोटो काढला. खाली छापलं, विजेते शालिकराम आणि गाडी ओवाळताना त्यांची बहीण. आपण किती हासलो. पेपरवाल्याले खरं काय ते कळवतो म्हणाला होता तू.

आता तुझ्या पत्राखाली वहिनीनं लिहिलं, पोरगी शाळेत सांगते, माझा बाबा शर्यत जिंकला.

फोटो आजच धाडतो. हे पत्र पेटीत ठेवतो. पोरगी मोठी होईन, कधीतरी तो फोटो नीट पाहीन. आत्याच्या तोंडभर धूळ आहे, डोळ्याभोवती गॉगलचे दोन साफ गोल आहेत.

बाबाचं तोंड आंघोळ करून आल्यासारखं आहे.

तुझी,
भागीरथा