वलंदेजी तऱ्हेची सरकती भिंत

शिरड शहापूर, अश्विन वद्य तृतीया

तीर्थस्वरूप व्यंकटदादा यांस धाकटी बहीण शालूचा दंडवत. नागनाथाच्या कृपेनं इकडं सगळे धड हायेत. तुमचा गुडघा कसा हाय? वहिनीला म्हणावं करडईचं तेल कोमट करून चोळ. चोळताना तुमी ओरडता म्हणून ती चोळत न्हाई, मला ठावं हाय. अक्षर वाकडं आलं तर समजून घ्या. मला दुसरीतून उठवून शेळ्यांमागं कोणी धाडलं ते आज काढत न्हाई.

आता कामाचं. तुमच्या नागूनं आमच्या घरात जे करून ठेवलं त्याची ही तक्रार हाय, नीट बसून वाचा. उन्हाळ्यात माझं अन माझ्या जावेचं, पार्वतीचं, लोणच्यावरून वाजलं हे तुमच्या कानावर आलंच असंल. तिनं आंब्याच्या लोणच्यात गूळ घातला. मी म्हणलं, हे लोणचं हाय का लेकराचं औषध? तर म्हणती, "बाई, तुमच्या हातात नुसतं मीठच हाय, अन जिभेवर बी तेच." (चार बायांसमोर! मी बी चार बायांसमोरच बोलले होते, पण मी थोरली हाय.) त्या दिवसापासून बोलणं बंद, चुली दोन. तिनं एक भांडं आपटलं की मी दोन आपटायची. शेवटी तुमचे दाजी अन त्यांचा भाऊ सटवाजी कटाळले अन म्हणले, मधल्या घरात भिंतच घालू, वाटणी करून टाकू. गवंडी सांगितला, दगड येऊन पडले. आमा दोघींना कोणी एका शब्दानं विचारलं न्हाई.

तेवढ्यात नागू सुट्टीवर आला. मुंबईत घरांचे नकाशे काढणाऱ्या साहेबाच्या कचेरीत लागल्यापासून पोराच्या तोंडात एकच मुलूख, हॉलंड. आपले म्हातारे ज्यांना वलंदेज म्हणायचे तेच हे डच लोक. तिथं म्हणे जमीन समुद्राच्या खाली, बांध घालून पाणी अडवून धरलेलं. जुनी घरं कालव्याच्या काठानं खांद्याला खांदा लावून उभी, पुढून अरुंद, जिने शिडीसारखे. पलंग वर न्यायचा तर घराच्या कपाळावर लोखंडी आकडा, त्याला दोर, अन खिडकीतून आत. (बाळंतीण कशी चढती, मी विचारलं.) आताचे कारागीर मात्र घर वरून सपाट करून राहिले, लई नवी गोष्ट, म्हणून त्यानं चित्र पुढं केलं. मी म्हणलं, बाबा, जरा वर बघ. शिरडात सगळी माळवदंच हायेत, अन त्यावर माझे सांडगे वाळून राहिले. ह्यात नवं काय?

पण एका चित्रावर माझी नजर अडकली. नवरा गेलेली, तीन लेकरांची एक बाई. फर्निचर करणाऱ्या एका कारागिराला शेजारी बसवून तिनं आपल्या मनासारखं घर करून घेतलं. वरच्या मजल्यावर सरकत्या भिंती. सारल्या की एकच मोठं घर, ओढल्या की ज्याची त्याची खोली. पांढऱ्या घरावर लाल, पिवळे, निळे पट्टे, पोळ्याच्या बैलासारखे. घर बांधताना बाईला विचारतात असा बी मुलूख हाय, हे मला तवा कळलं. नागू म्हणला, "आत्या, दगडाची भिंत एकदा बसली की उठत न्हाई. ही सरकती करू." अन मी व्हय म्हणून बसले.

सागवानाच्या फळ्या जोडून भिंत झाली, वर तुळईला अन खाली जमिनीत लांब खाच, फळ्यांवर रंगाचे तीन पट्टे. नागू मुंबईला गेला अन इकडं तमाशा सुरू. विस्तवाला म्हणून पार्वतीनं भिंत सारावी, मी धाडकन ओढावी. तिच्या चुलीचा धूर आला की मी सारावी, तिनं ओढावी. रस्त्यानं जाणारी माणसं आवाजावरून सांगायची, आज थोरली तापली हाय. दगडाच्या भिंतीत निदान गप तरी बसता आलं असतं.

मग नवरात्र आलं. घट बसायच्या आधी घर सारवायचं, अन जमीन एका दमात सारवावी लागती, म्हणून भिंत पार कडेला सारून ठेवली. मी माझ्या टोकाकडून, ती तिच्या टोकाकडून, शेणाचे हात मारत मारत मधोमध आलो, तर ती खाच. ती म्हणली, "बाई, ही फट तुमची का आमची?" चार महिन्यांत पहिला शब्द. मी म्हणलं, "फटीला नाव लिहिलंय का? इंचू बसंल त्यात, घाल शेण." ती तिकडून बुजवत आली, मी इकडून. सारवल्या घरात उघडी फट ठेवायची आपल्यात रीत हाय का? दुसऱ्या दिवशी जमीन वाळून खडक झाली, अन भिंत जागची हलंना.

आता दोन चुली एकाच घरात तोंडाला तोंड लावून बसल्या हायेत. तुमचे दाजी पहार घेऊन खाच उकरायला उठले होते. मी म्हणलं, सारवलेल्या जमिनीला पहार लावाल तर बघा, ज्याचं काम त्यालाच येऊ द्या. तरी नागूला ताबडतोब धाडा. मुंबईची विद्या शेणापुढं टिकत न्हाई, हे त्यानं डोळ्यानं बघावं.

तुमची बहीण,
शालू

ता. क. तांड्यावरचा वसराम बैलगाडी घेऊन औंढ्याला येऊन राहिला, त्याच्याजवळ बरणी दिली हाय. पार्वतीचं लोणचं हाय, गुळाचं. बरणी अर्धी काहून, असं विचारू नका.

ता. क. नागू म्हणला होता, जर्मनवाल्यांनी औंदा लढाईत तो वलंदेजांचा मुलूख घेतला. त्या बाईचं घर धड हाय का, कळलं तर कळवायला सांगा. पार्वती बी विचारून राहिली.

ता. क. नागूची ताबडतोब गरज न्हाई, दिवाळी झाल्यावर आला तरी चालंल. येताना लांब खिळे आणावे. भिंत उघडी हाय तशीच ठोकून टाकायची हाय. दाजींना अन सटवाजीला त्यानं सांगावं, लाकूड फुगलं, आता काही सरकत न्हाई, वलंदेजांकडं बी असंच होतं. एवढ्या लांब जाऊन कोण बघतंय?