चौकातल्या फळ्या आणि माझं प्रेशर

१ जुलै, सोमवार. सकाळी.
प्रेशर १६०. डॉक्टरीणबाईंनी ही वही आणायला लावली. रोज आकडा लिहा म्हणाल्या, आणि त्या दिवशी डोकं कशाने फिरलं तेही लिहा. कारण एकच आहे, त्याला एवढी जाड वही कशाला? चौकातल्या फळ्या.

दोन बाजूंना दोन चाकं, मध्ये फळी, पोटात बॅटरी. पोरं वर उभी राहतात आणि भुतासारखी सरकत जातात. पाय हलत नाहीत. फळी स्वतःच तोल सांभाळते म्हणे. आमच्या वेळी तोल माणसाने सांभाळायचा असे. मी पोटात लेकरू असताना बर्फावरून भरल्या बादल्या आणल्यात. मला कोणी फळी दिली नाही.

निश्चय: आमच्या नारिन गावच्या चौकातून फळ्या बंद करवणार. चौक माणसांसाठी आहे, चाकांसाठी नाही.
दुसरा निश्चय: जेवणात मीठ कमी. उद्यापासून.

२ जुलै, मंगळवार.
प्रेशर १५८. जिबेकने घेतलं. तो पट्टा मला एका हाताने बांधता येत नाही. जिबेक समोरच्या दारात राहते. नवरा कामाला रशियात गेला आणि तिथे त्याला घरचा पत्ता आठवेनासा झाला. मागे ही आणि पोरगी आयपेरी. पोट भरायला चौकात फळ्या भाड्याने देते. म्हणजे माझं प्रेशर वाढवणारीही हीच, मोजणारीही हीच. सोय झाली.

तिला तोंडावर सांगितलं, तुझ्या फळ्या बंद करवणार आहे मी. म्हणाली, बरं आपा, हात सैल सोडा.

येताना मन्ती आणल्या होत्या, मटण भरून उकडलेल्या, वाफाळत्या. खाल्ल्या. तत्त्व वेगळं, मन्ती वेगळ्या.

३ जुलै, बुधवार. संध्याकाळी.
माझी विकायला बसायची जागा चौकातल्या पुतळ्याच्या पायरीवर. शेंगदाणे नाहीत, बिया नाहीत, फक्त कुरुत. दह्याचा चक्का टांगायचा, मीठ घालायचं, गोळ्या वळायच्या, उन्हात दगड होईपर्यंत वाळवायच्या. आज एक बाई चाखून म्हणाली, आपा, मीठ फार होतंय. हल्लीच्या लोकांच्या जिभाच मऊ.

जिबेक म्हणाली, तुमच्या थैल्याला तळाशी भोक पडलंय, शिवून देऊ का? म्हटलं, या थैल्याने तीन सरकारं पाहिलीत, त्याला काही होत नाही. ती फळ्यांच्या आसपास झाडायला लागली. ही पोरगी सारखी झाडत असते. नुसता दिखाऊपणा.

एसेनबेकही आला होता. आमच्या म्हाताऱ्यांच्या पंचायतीचा मुख्य. पांढरी उंच टोपी, हात पाठीमागे, फळ्यांकडे टक लावून उभा. बराच वेळ. बरं वाटलं. त्याचीही नजर आहे म्हणायची. माझ्या बाजूचा माणूस.

५ जुलै, शुक्रवार.
घडलं! मी म्हणत नव्हते?

भर दुपार, चौकात चिटपाखरू नाही. मी पायरीवर डोळे मिटून बसले होते. झोपले नव्हते. धप्पकन आवाज झाला. बघते तर एसेनबेक जमिनीवर, टोपी एकीकडे, फळी एकीकडे, तिचे दिवे लुकलुकतायत आणि लांबून जिबेक पळत येतेय. लोक जमले. त्याने एवढंच सांगितलं, फळीने पाडलं मला. मनगट मोडलं. दवाखान्यात नेलं.

मी सगळ्यांना समजावून सांगितलं. एक पोर फळीवरून आलं, म्हाताऱ्याला धडकलं आणि पळून गेलं. कोणतं पोर ते दिसलं नाही. पण पोरं अशीच असतात.

नंतर.
एक बारीकशी गोष्ट. लिहायची गरज नाही, तरी लिहिते. तो पडला तिथे काही पांढरं सांडलं होतं. खडे असतील. कोणाच्या पायात येऊ नयेत म्हणून मी उचलून खिशात टाकले.

घरी येऊन एक जिभेवर ठेवला. खडा खारट होता.

हे पान डॉक्टरीणबाईंना दाखवायचं नाही.

६ जुलै, शनिवार.
प्रेशर १७०. नीट विचार केला. कुरुतने माणूस पडत नाही. आमचे आजे-पणजे खिशात कुरुत भरून घोड्यावर डोंगर ओलांडत, एक पडला नाही. आणि समजा, नुसतं समजा, एखादी गोळी वाटेत पडलीच असेल, तरी पाय तिला बघून बाजूला झाला असता. चाकाला डोळे आहेत का? मग चूक चाकाची.

थैला शिवायला सुई काढली. परत ठेवली. आताच शिवला तर लोक विचारतील, आताच का?

८ जुलै, सोमवार.
प्रेशर १७५. शुक्रवारी पंचायत बसणार. प्रश्न एकच, चौकात फळ्या चालू द्यायच्या की बंद करायच्या. मुख्य साक्षीदार मी, कारण सगळ्यांत जवळ मी होते. हेच मला हवं होतं. आनंद झाला आहे. आनंद असूनही जेवण गेलं नाही.

जिबेकने सूप आणलं. माझ्यासाठी मुद्दाम मीठ कमी घातलं होतं. तिच्या हातांना फळ्या चार्ज करताना लागलेला चटका दिसला. मी विचारलं, बंद झालं तर काय करशील? म्हणाली, बघू आपा. मग पट्टा गुंडाळता गुंडाळता म्हणाली, तुम्ही जे पाहिलंत तेच सांगा.

एवढं साधं बोलायचं आणि एवढं जड करून ठेवायचं, ही कुठली रीत?

निश्चय: उद्या एसेनबेकला जाऊन सगळं सांगणार.

९ जुलै, मंगळवार.
गेले. त्याची बायको दारात म्हणाली, झोपलाय. आतून खोकला ऐकू आला. पण झोपेतही लोक खोकतात. आजाऱ्याला उठवू नये. परत आले. आपल्याकडून कसूर नाही.

१० जुलै, बुधवार.
गुडघा धरलाय. गेले नाही. गुडघ्यावर माझा काय ताबा?

११ जुलै, गुरुवार.
नवीन अडचण. पंचायतीत साक्ष देताना भाकरीवर हात ठेवावा लागतो. भाकरीवर हात ठेवून खोटं बोललं की भाकरी मारते. माझ्या मावशीचं तोंड असंच वाकडं झालं होतं. डॉक्टर म्हणाले थंडीने. डॉक्टरांना काय माहीत, मेंढी कोणाची होती ते.

खूप विचार केला. उपाय सापडला. मी घरून बिस्किटं नेणार. म्हणेन, दात दुखतात, भाकरी नको, बिस्किटावर हात ठेवते. भाकरी तंदुरातली, बिस्किट कारखान्यातलं. बिस्किट कोणाला मारत नाही.

मी खोटं बोलणार आहे असं नाही. पण तयारी असावी.

१२ जुलै, शुक्रवार.
जिंकले.

तपशील. बिस्किटं चालली नाहीत. एक म्हातारा म्हणाला, हात ठेवायचाय आपा, खायची नाहीये. समोर परातीएवढी गोल भाकरी. मी हात ठेवला. म्हणजे भाकरीच्या जरा वर ठेवला. मध्ये थोडी हवा राहिली.

सांगितलं, एसेनबेक जमिनीवर पाहिला, फळी जमिनीवर पाहिली. आणखी काय पाहिलं? म्हटलं, डोळ्यांत ऊन होतं. एक शब्द खोटा नाही.

वाटलं होतं एसेनबेक खोदून विचारेल. पण तो प्लॅस्टर कुरवाळत बसला होता. माझ्याकडे बघेना. घाईघाईने म्हणाला, पुरे पुरे, बसा तुम्ही. त्याला माझी दया आली असावी.

मग लोक बोलले. एक जण म्हणाला, फूटपाथ पायांचा आहे, उद्या घोडेही आणाल. त्यावर मागून कोणीतरी, घोडे काल तुमचेच होते काका, शेण कोणी उचललं? बेकरीवाली बाई उठून म्हणाली, संध्याकाळी पोरं मोबाईल खिशात ठेवून खिदळतात, ते बंद करायचं असेल तर करा बापडे.

शेवटी जिबेकला उभं केलं. तिने एसेनबेककडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, मोठी माणसं बोललीत, मी काय वेगळं बोलणार? आणि बसली.

ठराव झाला: चौकात फळ्या बंद.

प्रेशर आज घेतलं नाही. मशीन घेऊन जिबेकच्या दारात जायचं राहून गेलं.

१३ जुलै, शनिवार.
जिबेक फळ्या जिन्याने वर आणत होती. एकेक पायरीवर एकेक धक्का. मी दाराआड उभी राहून सगळे धक्के ऐकले. मदतीला जाणार होते, पण गुडघा.

मग तीच आली. चुलत बहिणीने मॉस्कोला बोलावलंय म्हणाली, कचेऱ्या साफ करायचं काम आहे. गुरुवारी निघायचं. आयपेरीला गावी आजीकडे ठेवणार. म्हटलं, पोरगी राहील का तुझ्याशिवाय? म्हणाली, राहावं लागेल, आपा. आणि मला पट्टा एका हाताने बांधायला शिकवायला लागली. दातात धरा, असा फिरवा, असा ओढा. मला येईना. मी मुद्दाम येऊ देत नव्हते असं नाही.

आयपेरी म्हणाली, आपा, तुम्ही आजारी आहात का? म्हटलं, गप्प बस. ती गप्प बसली. ते जास्त वाईट.

संध्याकाळी चौकात गेले. स्वच्छ, शांत, अगदी मला हवा होता तसा. एक पोर नाही. पोरं नाहीत म्हणून आया नाहीत, आया नाहीत म्हणून गिऱ्हाईक नाही. मी आणि कबुतरं. कबुतरंही कुरुत खात नाहीत.

१४ जुलै, रविवार.
एसेनबेकची बायको बटाट्याच्या वाफ्यात होती. म्हणजे तो झोपलाय असं सांगायला दारात कोणी नव्हतं. आत गेले. रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून कुरुत नेला होता. दुसरं घरात काही नव्हतं.

सांगून टाकलं. थैला, भोक, खडे, खिसा, हवा, सगळं. तो ऐकत राहिला. मग एक कुरुत तोंडात टाकला, डोळे मिटले, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, ठाऊक आहे मला, बुरुल. पडलो तेव्हा एक नाकासमोरच होता. उचलून चाखला. एवढं मीठ अख्ख्या नारिनमध्ये दुसरं कोण घालतं?

मी म्हटलं, मग बोलला का नाहीस?

त्याने आधी दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, फळीवर मीच होतो.

पंचायतीचा मुख्य! टोपीसकट! रोज दुपारी चौक रिकामा असताना जायचा म्हणे. जिबेक हाताला धरून शिकवायची. त्या दिवशी तिने पहिल्यांदा हात सोडला. मी दोन्ही हात पसरले बुरुल, म्हणाला, आणि चाललो. गरुडासारखं वाटलं. मग तुझा कुरुत आला.

म्हटलं, लाज वाटत नाही या वयात?
म्हणाला, तुला वाटते?
मी चहा प्यायला घेतला.

परत येताना जिन्यात थांबले. जिबेकला सगळं माहीत होतं. हात तिनेच सोडला होता. रोज झाडायची ती माझाच कुरुत झाडायची. पंचायतीत उभी राहून तिने दोघांकडे पाहिलं आणि दोघांची टोपी, म्हणजे अब्रू, दोघांच्या डोक्यावर ठेवून खाली बसली.

तिचं दार वाजवायला हात उचलला. आत बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. हात खाली केला.

निश्चय: उद्या सगळ्यांसमोर सांगणार. भाषण पाठ केलं. लोक चकित होतील, बायका डोक्यावरच्या रुमालाने डोळे पुसतील. एवढी हिंमत या वयात, म्हणतील.

१५ जुलै, सोमवार.
एसेनबेकने पंचायत पुन्हा बोलावली. या वेळी हात भाकरीवर पुरता ठेवला. कोमट होती. भाषण केलं.

कोणी चकित झालं नाही. बेकरीवाली म्हणाली, आम्हाला वाटलंच. याचं मनगट मोडलं त्या दिवशी माझ्या बुटाच्या तळाला एक कुरुत चिकटला होता, कुत्र्याने चाटला आणि पाण्याकडे पळाला. सगळे हसले. मी डोळे पुसायच्या रुमालाची परत घडी केली.

मग एसेनबेक उठला आणि त्याने आपलं सांगितलं. त्यावर तर लोक खुर्च्यांवरून पडायचे राहिले. शुक्रवारचा फूटपाथवाला काका त्याच्या कानाशी लागून विचारत होता, माझं वजन पेलेल का रे ती?

ठराव:
फळ्या चालू. चौकाच्या उत्तरेच्या कोपऱ्यात, चुन्याची रेघ मारून, सावकाश. म्हाताऱ्यांनी दुपारी यावं आणि टोपी काढून यावं.
बंदी: कुरुतवर. बुरुल आपांनी थैला शिवून पंचायतीला दाखवेपर्यंत चौकात कुरुत विकू नये. एकमताने.

एकमताने म्हणजे एसेनबेकनेही हात वर केला. प्लॅस्टरचा.

१६ जुलै, मंगळवार.
जिबेक जात नाही. बॅग उलगडलेली दारातून दिसली. आयपेरी जिन्यात फळी फरशीवर नुसती पुढे-मागे करत होती. मी ओरडणार होते. ओरडले नाही.

जिबेकने प्रेशर घेतलं. १३०. म्हटलं, तुझं मशीन बिघडलंय. म्हणाली, बॅटरी कालच घातली आपा.

मग तिने न विचारता खुंटीवरचा थैला काढला, सुईत दोरा ओवला आणि खिडकीशी शिवायला बसली. मला तिला काहीतरी सांगायचं होतं. भाषण तर पाठच होतं. तोंड उघडलं.

म्हटलं, टाके जवळजवळ घाल.

म्हणाली, बरं आपा.