खळ्याच्या उत्तरेस

मी, जानराव किसन उलेमाले, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा शेती व भाजीपाला, शिक्षण सातवी नापास, राहणार रिठद, तालुका रिसोड, जिल्हा वाशिम, माझ्या मागे माझ्या वस्तूंचे काय करावे ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. मी शुद्धीत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही. शुद्धीत आहे हे पुन्हा लिहितो, कारण माझा मुलगा गोपाल उद्या म्हणेल की बुढ्याचे डोके ठिकाणावर नव्हते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. टाचणी गंजते म्हणून दोऱ्याने शिवला आहे.

एक. राहते घर गोपालला द्यावे. अट एवढीच की माझी नात संस्कृती, वय तेरा, तिची मर्जी असेपर्यंत समोरच्या खोलीत राहील. त्या खोलीची बाहेरची कडी मी काढून टाकली आहे. ती कोणी परत बसवू नये. पोरगी चिडली की सून कडी लावायची. सून वाईट नाही, घाबरते. मीही घाबरतो, पण बाहेरून कडी लावली की आतला माणूस जास्त घाबरतो.

दोन. संस्कृती ही माझा मोठा मुलगा राजू याची मुलगी. राजू आणि त्याची बायको केनवडच्या बाजारातून मोटारसायकलवर येताना ट्रकखाली गेले. पोरगी दोघांच्या मधे बसली होती. ती वाचली. त्यानंतर शाळेत हॉर्न ऐकू आला की ती बाकाखाली जायची, आणि कोणी ओढले तर चावायची. माझी बँकेतली ठेव तिच्या शिक्षणासाठी आहे. ती अज्ञान, म्हणजे अठराच्या आत, असेपर्यंत माझी मुलगी वच्छला, दिलेली मानोऱ्यास, तिची पालक राहील. वच्छलाने पैसे देवाधर्माला लावू नयेत. तिला सवय आहे म्हणून लिहिले, राग मानू नये.

तीन. शेत गोपालचे. विहिरीवरची मोटार त्याचीच. माझी वारलेली बायको रंगूबाई हिची पाटल्यांची जोडी संस्कृतीला द्यावी. फवारणीचा पंप मी शालिकरामला देणार होतो. तो माझा लहानपणापासूनचा सोबती. पण वकील म्हणाले, साक्षीदाराला काही मिळत असेल तर त्याच्या साक्षीवर भांडण उभे राहते. शालिकराम म्हणाला, “मंग मी सही नाई करत, पंप घेतो.” मी म्हटले, “सही कर बाबू, पंप जुना हाये, गळून राह्यला.” त्याने सही करायचे कबूल केले. म्हणून पंप गोपालला. शालिकरामने मागितला की त्याने द्यावा.

चार. आता खळे. ज्याच्यासाठी मला झोप लागत नाही ते हेच.

गावठाणाच्या कडेला माझे खळे आहे, त्यावर टिनाचे छप्पर आहे. गोपालला तिथे सोयाबीनचे गोदाम बांधायचे आहे. मी ते संस्कृतीच्या नावे करीत आहे. तिथे आठवड्यातून एकदा माध्यमिक शाळेचा भूगोलाचा वर्ग भरतो, तो तसाच भरत राहावा.

हा वर्ग समीक्षा मॅडम घेतात. त्या भूगोलाच्या शिक्षिका आहेत. ज्या मुलांचे मन दुखावलेले आहे, जी रागावतात, मारतात नाहीतर बोलतच नाहीत, त्यांना कसे शिकवावे याचे शिक्षण त्यांनी घेतलेले आहे. अशा मुलांना बंद खोलीत जीव घाबरा होतो, म्हणून त्यांनी खळे मागितले. मी भीत भीत दिले. एक मुलगा गोटे मारायचा. मला छपराची काळजी. मॅडमनी त्याच्या हाती होकायंत्र दिले आणि सांगितले, “हे हललं की काटा फिरतो. हात स्थिर ठेव, तू सांगशील तिकडे आम्ही चालू.” तेव्हापासून सगळा वर्ग त्याच्यामागे चालतो.

संस्कृतीही याच वर्गात आहे. तिने गावाचा नकाशा काढला. त्यात वावरे, विहिरी, देऊळ, शाळा सगळे होते. रस्ता एकही नव्हता. गोपालने पाहिले आणि हसला. “रस्ता नाई त लोकं काय उडून येतात का? भूगोल शिकून राह्यले का येड्याची जत्रा भरून राह्यली?” पोरीने नकाशा फाडला. मी गोपालला तेव्हा बोललो नाही, आता लिहितो. ते बोलणे मी विसरलेलो नाही.

मॅडमनी तुकडे चिकटवले आणि तिला विचारले, “मग तुझ्या गावात यायचं कसं?”

ती म्हणाली, “वावरातून.”

पुढच्या वर्गाला मॅडमनी सगळ्या मुलांना शिवाराच्या टोकाला नेले आणि तूर, हरभरा, कांदे यांच्या धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे बांधांवरून, गावात आणले. शालिकराम धुऱ्यावरून ओरडला, “मॅडम, मोर्चा कोणाचा हाये?” त्या दिवशी पोरीने नकाशात धुरे काढले. काही महिन्यांनी वावरांमधली गाडीवाट, पांदण, काढली. मग गल्ली. केनवडचा रस्ता मात्र काढला नाही. मॅडमनी मागितलाही नाही. मी विचारले तर म्हणाल्या, “बाबाजी, कागदावर जागा आहे, राहू द्या.”

मॅडमची बदली झाली तर काय, ही माझी काळजी आहे. म्हणून लिहितो की खळ्याचा हक्क मॅडमपुरता नाही. अशा मुलांना जो कोणी भूगोल शिकवील त्याला खळे वर्गासाठी खुले राहील. संस्कृती सज्ञान झाल्यावर काय करायचे ते ती ठरवील. गोपालने तिला त्याआधी सही मागू नये.

पाच. वकील म्हणाले, चतुःसीमा लिहिल्याशिवाय खळे कोणते ते ठरत नाही, आणि एकही बाजू कोरी राहिली तर गोपालला भांडायला तोंड मिळेल. तीन बाजू मी लिहिल्या. चौथी लिहवेना. पोरगी माझे लिहिलेले सगळे वाचते. आज साक्षीदार बसले, मी कागद उलटा ठेवला, तरी तिने घेतलाच.

“आबा, उत्तर कोरी काहून ठेवली?”

“राहू दे बाई. मंग लिवतो.”

“मंग कधी? मले काय दिसत नाई का तिथं काय हाये ते?”

तिने माझ्या हातातला पेन घेतला. शालिकराम काही बोलणार होता, त्याला मी हाताने थांबवले.

खळ्याची चतुःसीमा :
पूर्वेस – गोपाल जानराव उलेमाले यांचे वावर.
पश्चिमेस – गावची पांदण.
दक्षिणेस – शालिकराम गाडेकर यांचा गोठा.
उत्तरेस – केनवडला जाणारा डांबरी रस्ता.

यातील चौथी ओळ माझ्या अक्षरात नाही. ती संस्कृती राजू उलेमाले हिने दोन्ही साक्षीदारांसमोर लिहिली. ‘केनवड’ हा शब्द एकदा खोडून पुन्हा लिहिला आहे, ती खाडाखोडही तिचीच. ओळ मला मान्य आहे. कोणी हरकत घेऊ नये म्हणून त्या ओळीसाठी वेगळी सही करतो.

(सही) जानराव किसन उलेमाले

सगळे वाचून पाहिले, बरोबर आहे.

(सही) जानराव किसन उलेमाले

आमच्यादेखत सह्या झाल्या :
१. शालिकराम तुळशीराम गाडेकर, रिठद
२. हेमसिंग रामजी राठोड, निवृत्त पोस्टमन, रिठद

ठिकाण : रिठद, खळ्यावर
दिनांक : ९ मार्च २०२५, रविवार